वर्गात युद्ध आणि तहाचा खेळ घेतला, दोन मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. थांबवू की पुढे नेऊ?

नववी_ब_च्या_मॅडम, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. वर्गात ५४ मुलं, तास ३५ मिनिटांचा. महायुद्धं, शीतयुद्ध, अलिप्ततावाद, संयुक्त राष्ट्रं हे सगळं फळ्यावर तारखा लिहून शिकवते आणि मुलं ते पाठ करून पेपरात उतरवून मोकळी होतात, दोन देशांनी करार का केला आणि तो का मोडला हे विचारलं की वर्ग गप्प. म्हणून यंदा ठरवलं की खेळ घ्यायचा.

डिप्लोमसी नावाचा जो जुना बोर्डगेम आहे (अमेरिकेतल्या ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ मध्ये तयार केला, १९५९ मध्ये बाजारात आला) त्याचेच नियम घेतले. १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशावर ३४ ठाणी, ज्याच्या ताब्यात १८ येतील तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाचा भागच नाही. आणि सगळी सैन्यं सारख्याच ताकदीची, त्यामुळे शेजारच्या दुसऱ्या सैन्याने आधार दिल्याशिवाय समोरच्याला हलवताच येत नाही, म्हणजे बोलणी करावीच लागतात. आधी बोलायला वेळ, मग प्रत्येकाने आपला हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी उघडायच्या. तोंडी दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा नियम नाही, इथेच सगळी गंमत आहे आणि इथेच सगळा घोळ झाला.

चार चार्टपेपर जोडून नकाशा काढला, दोन बेंच एकत्र करून त्यावर पसरला, सैन्य म्हणून राजमा आणि आरमार म्हणून काबुली चणे, प्रत्येकावर देशाच्या रंगाचा स्केचपेनचा ठिपका. सात-आठ मुलांचा एक देश, त्यात पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, सेनापती, बाकीचे दूत. पहिले दोन तास इतके छान गेले की काय सांगू, मागच्या बाकावरचा जो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही तो तुर्कस्तानचा दूत होऊन रशियाला काळ्या समुद्राबद्दल समजावत होता.

तिसऱ्या तासाला हे झालं. इटलीची परराष्ट्रमंत्री आणि ऑस्ट्रियाची परराष्ट्रमंत्री या पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या मुली. इटलीने ऑस्ट्रियाला चिठ्ठी दिली होती, "व्हेनिसचं सैन्य हलणार नाही, वचन" आणि खाली छोटंसं फूल काढलेलं. त्या भरवशावर ऑस्ट्रियाने ट्रिएस्टचं आरमार अल्बानियाकडे पाठवलं, बंदर मोकळं. शरद ऋतूच्या फेरीला मी हुकूम वाचत होते, इटलीची चिठ्ठी उघडली आणि वाचलं, "व्हेनिसचं सैन्य, ट्रिएस्टकडे." वर्गात एकदम ओऽऽ झालं, टाळ्या पडल्या, इटलीवाले बेंच बडवायला लागले, आणि ऑस्ट्रियाची मुलगी त्या फुलाच्या चिठ्ठीकडे पाहत बसली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि पुढच्या विषयाचे सर दारात उभे.

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. डबासुद्धा वेगळा. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, रागावून नाही पण दुखावून बोलल्या, की मॅडम तुम्ही मुलींना एकमेकींना फसवायला शिकवून राहिल्या का. मला उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले तुमचं तुम्ही बघा, पण पुन्हा तक्रार नको.

आता सांगा, बंद करू का? की नियम बदलून दिलेला शब्द मोडायचाच नाही असं करू? मला मनापासून वाटतं की यात काहीतरी मोठं शिकण्यासारखं आहे पण एका मुलीला रडवून ते शिकवायचं का, या विचाराने दोन रात्री झोप नाही.

निवृत्त_प्राध्यापक_अमरावती_रोड

ताई, बंद करू नका. आणि शब्द मोडायची बंदी तर मुळीच घालू नका, मग तो खेळ राहणार नाही, करार म्हणजे आपोआप पाळली जाणारी गोष्ट असं मुलांना वाटेल आणि ते खोटं आहे.

मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत होतो, असे खेळ पुष्कळ घेतले आणि तुमच्यासारखी चूक मीही केलेली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. चूक खेळात नाही, घंटेत आहे. खेळाची सगळ्यात नाजूक चिठ्ठी तुम्ही तासाच्या शेवटच्या मिनिटाला उघडली आणि मुलं तो घाव घेऊन तशीच गणिताच्या तासाला बसली. जेवढा वेळ खेळ, तेवढाच वेळ त्यावर बोलणं, हे मी पुढे कायमचं धरून ठेवलं. तास ३५ मिनिटांचा असेल तर २० व्या मिनिटाला हुकूम बंद. बोलण्याची सुरुवातही एकाच प्रश्नाने करायची, "तुमच्या देशाला त्या क्षणी कशाची भीती वाटत होती?" कोण चुकलं हे विचारायचं नाही.

दुसरं, नावं. खेळ चालू असताना कोणीही कोणाला नावाने हाक मारायची नाही, फक्त देशाच्या नावाने. गळ्यात देशाची पाटी अडकवायची आणि चर्चेला बसायच्या आधी ती सगळ्यांसमोर काढून टेबलावर ठेवायची. पोरकटपणा वाटेल पण पाटी काढली की मुलं खरंच मोकळी होतात, मी कॉलेजच्या मोठ्या मुलांमध्येही हे पाहिलंय.

आणि तुमच्या त्या दोघींसाठी इतिहासात तयार धडा आहे. इटलीने १८८२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी त्रिराष्ट्र करार केला होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा इटली म्हणाली की करार बचावाचा आहे, हल्ला तुम्ही केलाय, आम्ही तटस्थ. मग २६ एप्रिल १९१५ ला लंडनमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाशी गुप्त करार केला, त्यात तिला काय काय कबूल केलं होतं माहितीये? ऑस्ट्रियाच्या ताब्यातले ट्रेंटिनो, दक्षिण टायरॉल आणि ट्रिएस्ट! २३ मे १९१५ ला इटलीने ऑस्ट्रियाशी युद्ध जाहीर केलं. म्हणजे तुमच्या नववीतल्या मुलीने पुस्तक न वाचता तेच बंदर पाहिलं जे रोमच्या मंत्र्यांनी पाहिलं होतं. हे दोघींना एकत्र बसवून सांगा. तिने मैत्रिणीला फसवलं ही गोष्ट तिथून बाजूला होते आणि इटलीच्या खुर्चीत बसलं की ट्रिएस्ट का दिसायला लागतं ही गोष्ट पुढे येते.

त्या आईंनाही बोलवा, चर्चेच्या तासाला मागे बसू द्या. आणि फुलाची ती चिठ्ठी जपून ठेवा.

पोर्शनवाला

मॅडम, कळकळीने सांगतो, सहामाही तोंडावर आहे. आमच्या शाळेत निम्मे धडे बाकी असतात आणि तेवढ्यात निवडणुकीचं नाहीतर सर्वेक्षणाचं काम येतं. तीन तास एका खेळाला दिले तर तेवढे धडे कुठून भरून काढणार? मला खेळ आवडतो, पण एका तासात बसेल असा घ्या ना.

कामठीचे_काका

मी फौजेत होतो, आता कामठीलाच राहतो, नात आठवीत आहे म्हणून हे वाचलं. पोर्शनवाल्या सरांनी एका तासाचा खेळ मागितला त्यावर शेवटी येतो, आधी एक गोष्ट जी मला खटकली.

मॅडम, तुमच्या नकाशावरून राजमा उचलला जातो तेव्हा तो कुठे जातो? परत डबीत. एक सैन्य गेलं म्हणजे डबीत एक दाणा वाढला, एवढंच मुलांना दिसतं. मुलगी रडली ती मैत्रीसाठी रडली, त्या सैन्यातल्या माणसांसाठी वर्गात कोणालाच काही वाटलं नाही, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जॉन हंटर नावाच्या शिक्षकांनी १९७८ मध्ये वर्ल्ड पीस गेम नावाचा खेळ तयार केला, पुढे चौथीतली मुलं तो खेळायची, पारदर्शक प्लास्टिकचा चार मजली मनोरा, समुद्राखाली, जमीन, आकाश आणि अंतराळ, आणि त्यात एकमेकांत गुंतलेली ५० संकटं. तो खेळ एकट्याला जिंकताच येत नाही, सगळी संकटं सुटली आणि प्रत्येक देश सुरुवातीपेक्षा सुस्थितीत आला तरच सगळे जिंकले. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की लढाईत सैनिक मेले तर मुलांना त्या सैनिकांच्या आईवडलांना पत्र लिहावं लागतं, काय झालं ते सांगून. तुम्ही एवढंच करा. दाणा डबीत टाकायच्या आधी सेनापतीने चार ओळींचं पत्र लिहून वर्गात वाचायचं. मी अशी पत्रं घरी पोचलेली पाहिली आहेत, त्यापुढे लिहीत नाही. पण पोरं पुढचा हुकूम लिहिताना थांबतील हे नक्की सांगतो.

बोर्डावरचं युद्ध हे काही पोरखेळ म्हणून सुरू झालेलं नाही. प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) फौजेसाठी राइसविट्झ बापलेकांनी क्रीगश्पील म्हणजे युद्धाचा खेळ बसवला, मुलाचे नियम १८२४ मध्ये छापले गेले, त्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचं सगळं सैन्य दिसायचं नाही, मध्ये पंच बसायचा आणि तो जेवढं दाखवेल तेवढंच. निरोप पोचायलाही वेळ लागायचा. हे वर्गात आणायला सोपं आहे आणि सरांचा एक तासाचा खेळ त्यातूनच निघतो. ऑक्टोबर १९६२, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया युद्धाच्या तोंडाशी. एक बाजू वॉशिंग्टन, एक मॉस्को, तिसरा लहान गट हवाना, चौथा संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस. बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठी मॅडमने पाच मिनिटं हातात धरून मगच समोर द्यायची. तोपर्यंत पहिली बाजू बेचैन होऊन दुसरी चिठ्ठी लिहिते, पहिलीपेक्षा कडक, आणि समोरच्याला कळत नाही की नेमकं उत्तर कोणत्या चिठ्ठीचं द्यावं. तेव्हा खरंच असं झालं होतं, मॉस्कोहून ख्रुश्चेव्हचं एक मऊ पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी एक कडक. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी मऊ पत्राला उत्तर दिलं आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढायचं आतल्या आत कबूल केलं. पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये, दोन्ही राजधान्यांमध्ये थेट निरोपाची लाइन टाकायचा करार झाला तो याच अनुभवामुळे. वर्गाला शेवटी विचारा, तुम्ही असता तर पहिला करार कशाचा केला असता? लाइनचं उत्तर मुलंच देतील.

महालातला_भाऊ

मॅडम, पहिले तर तुमचं मनापासून कौतुक, मराठी माध्यमात कोणी हे करून राहिलं हे वाचूनच बरं वाटलं. मी कॉलेजात असताना मॉडेल युनायटेड नेशन्सला (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल असते ती) गेलो होतो, कोट घालून, आणि तिथे ज्याचं इंग्रजी फाडफाड तोच देश जिंकायचा, माझ्यासारखे पोरं हात वर करायलेच भ्यायचे. तुमच्या वर्गात तो मागच्या बाकावरचा पोरगा बोलला ना, ते मराठीत होतं म्हणून बोलला.

पण मला एक सांगा, काऊन युरोपच पाहिजे? ट्रिएस्ट कुठे आहे हे पोरांना शोधावं लागते, सीताबर्डीचा किल्ला तर बसमधून रोज दिसते. १८०३ चं मराठे-इंग्रज युद्ध घ्या ना. गट पण तेवढेच होतात, पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, गायकवाड, निजाम आणि कंपनी, बरोब्बर सात. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे दोघांच्या फौजेला हरवलं, पेशवा पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्यानं इंग्रजांशी वसईचा तह केला. इथून खेळ सुरू करायचा. शिंदे आणि आपले रघुजी भोसले एकत्र आले, गायकवाड आणि निजाम कंपनीकडे, आणि होळकर बसून राहिले. का बसून राहिले? हाच तर प्रश्न आहे, कालपर्यंत ज्या शिंद्यांशी लढले त्यांच्या बाजूला आज उभं राहायचं का. मग कंपनीशी लढाया, २३ सप्टेंबर १८०३ असई, २९ नोव्हेंबर अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड पडला (चिखलदऱ्याला सहल जाते तेव्हा पोरं त्याच बुरुजावर फोटो काढतात) आणि दोन दिवसांत देवगावचा तह. भोसल्यांचं ओडिशातलं कटक गेलं, बालासोर गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला आणि नागपूर दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला. होळकर लढले ते पुढच्या वर्षी, शिंदे-भोसले हरल्यावर.

पोरांना फक्त एवढं विचारायचं, तुमच्या खेळात होळकर आले का? आले असतील तर शिंद्यांनी त्यांना काय कबूल केलं?

आणि फितुरीचं म्हणाल तर आपल्या शहराएवढं ते कोण लक्षात ठेवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत म्हणजे मोठा पुतळा मिरवत निघते, घरचे म्हातारे सांगतात का ती भोसले घराण्यातल्या बाकाबाईच्या नावानं, इंग्रजांशी हात मिळवले म्हणून. मी लहानपणापासून "घेऊन जा गे मारबत" ओरडत आलो, पण ती बाई कोणत्या कोंडीत सापडली होती, तिच्यासमोर दुसरा रस्ता होता का, हे मला शाळेत कोणी एकदा तरी विचारायले पाहिजे होतं.

निवृत्त_प्राध्यापक_अमरावती_रोड

भाऊ, कल्पना उत्तम, माझी फक्त एक काळजी. युरोपातला इटली हा मुलांसाठी परका आहे, म्हणून त्याच्या खुर्चीत बसून ती थंड डोक्याने विचार करू शकतात. शिंदे, होळकर, भोसले ही वर्गातल्या मुलांची आडनावं आहेत. घरी जाऊन सांगणार की आज मला फितूर व्हायला लावलं, आणि मॅडमना फोन एकाऐवजी चार येतील. म्हणून आधी युरोप पूर्ण करा, मुलांना पाटी घालायची आणि काढायची सवय होऊ द्या, मग १८०३. आणि भूमिका चिठ्ठ्या टाकूनच द्या, आडनाव पाहून कधीही देऊ नका.

नववी_ब_च्या_मॅडम, नागपूर

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

काल चर्चेचा तास घेतला. पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या. त्या आईंना बोलावलं होतं, त्या कामावरून अर्धी सुट्टी टाकून आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. मी त्रिराष्ट्र करार आणि लंडनचा गुप्त करार दोन्ही फळ्यावर लिहिले, ट्रिएस्टवर बोट ठेवलं आणि इटलीला विचारलं, तुम्हाला कशाची भीती होती? मला वाटलं ती म्हणेल की जिंकायचं होतं. ती म्हणाली, "मॅडम, ऑस्ट्रियाने फ्रान्सला पण चिठ्ठी पाठवली होती, आमच्या दूताने पाहिली, त्यात काय होतं ते आम्हाला माहिती नव्हतं." ऑस्ट्रियाची मुलगी ताडकन उठली, "त्यात काहीच नव्हतं, नुसतं विचारलं होतं तुम्ही कोणाकडून आहे म्हणून!" सर, या दोन वाक्यांत १९१४ चं जेवढं शिकवून झालं तेवढं मला आठ वर्षांत जमलं नव्हतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले जरा वेळ.

काकांचं पत्रही केलं. दोन फेऱ्यांत एकच सैन्य बाद झालं होतं, रशियाचं. सेनापती झालेल्या मुलाने लिहिलं, "तुमचा मुलगा शूर होता" आणि थांबला, मला विचारलं की मॅडम त्याचं नाव काय लिहू. मी म्हटलं तूच ठेव. त्याने स्वतःच्या चुलतभावाचं नाव लिहिलं, मग खोडलं, मग जागा कोरीच ठेवली. वाचताना वर्गात कोणी हसलं नाही. पुढच्या फेरीत सात देशांपैकी पाच देशांनी एकही हल्ला केला नाही, नुसती बोलणी चालू, त्यामुळे खेळ जरा मंदावला हेही खरं, त्याचं काय करायचं ते बघते.

पोर्शनवाले सर, क्युबाचा एका तासाचा खेळ नववी अ मध्ये घेणार आहे, जमला की कळवते.

त्या दोघी अजून एका बाकावर आलेल्या नाहीत, मी जबरदस्ती केली नाही. त्या आई जाताना एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी पण बोलवा. आणि मधल्या सुट्टीत ऑस्ट्रियाची मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. दिवाळीनंतर १८०३ खेळणार आहे हे मी वर्गात सांगितलं होतं. म्हणाली, "मॅडम, मला शिंदे द्या आणि तिला भोसले द्या ना, ते दोघं एका बाजूने लढले ना?" मी म्हटलं चिठ्ठ्या टाकणार आहे, पण बघू. शिंद्यांनी अडगावच्या आधीच वेगळी शस्त्रसंधी केली होती आणि भोसल्यांनी मग तह पण वेगळाच केला, हे अजून तिला सांगितलेलं नाही.